परवाना तीन आठवड्यांत आला, परवानगीला उन्हाळा गेला

हिलोतला आमचा छोटासा संगीत महोत्सव १२ ऑक्टोबर २०२४ला झाला. त्याचं वर्षाचं कर-विवरणपत्र गेल्या आठवड्यात भरलं, म्हणजे आता तो कागदोपत्रीही संपला. दुसऱ्यांच्या भूमीत राहून त्यांच्या गाण्याच्या कार्यक्रमात आपण हात घालावा का, आणि घातलाच तर नेमका कुठे, या प्रश्नाने महोत्सवाआधीचे नऊ महिने माझी झोप उडवली होती. तेव्हा कुणाचा तरी असा अनुभव वाचायला मिळाला असता तर हायसं वाटलं असतं. म्हणून तारखा, खर्च, घोळ, सगळं आठवेल तसं लिहून ठेवतेय.

आधी गावाबद्दल. हवाई हे राज्याचंही नाव आणि त्यातल्या सगळ्यांत मोठ्या बेटाचंही. त्या मोठ्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हिलो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पत्र्याची छपरं, परसात केळी, पपई आणि अळू. माझं माहेर चिपळूण, त्यामुळे कपडे न वाळण्याचं दुःख मला नवीन नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही २०२१मध्ये इथे आलो. तो मौना केआ पर्वतावरच्या एका दुर्बिणीच्या खालच्या कार्यालयात संगणकाचं काम बघतो. हे मुद्दाम सांगतेय, पुढे संबंध येणार आहे.

लहानपणी आमच्याकडे रेडिओवर हिंदी गाण्यांच्या धून लागायच्या आणि बाबा म्हणायचे, ‘हवाईयन गिटार’. मला वाटायचं, हवाई जहाज, हवाई चप्पल, तशीच हवाई गिटार. इथे आल्यावर कळलं की ती खरोखरच इथली. ओआहू बेटावरच्या लाईए गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने १८८०च्या दशकाच्या अखेरीस गिटारच्या तारांवर लोखंडी तुकडा घसरवून हा आवाज घडवला. तो पुढे जगभर गेला. ताउ मो आणि त्यांचं कुटुंब हा बाज घेऊन देशोदेशी हिंडलं आणि १९४०च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिलं. ब्रिजभूषण काब्रांनी नंतर त्याच पद्धतीच्या गिटारवर राग वाजवले. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे एवढी वर्षं मी तुझ्या शेजाऱ्यांचं ऐकत होतो होय!”

आमच्या महोत्सवात मात्र मुख्य होतं ते ‘की होआलू’. ही गिटार वाजवण्याची त्याहून जुनी, घरगुती रीत. १७९३मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली, त्यांची पैदास बेफाम वाढली आणि १८३०च्या दशकात ती आवरायला मेक्सिकन गुराखी आणावे लागले. ते गिटारी घेऊन आले. इथल्या लोकांनी त्या घेतल्या आणि तारा आपल्या कानाला गोड लागतील तशा सैल केल्या. ‘की होआलू’चा अर्थच (तार पिळायची) चावी सैल सोडणं. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं वर गाणं म्हणतात, एकाच माणसाची दोन माणसं होतात. तारा लावायच्या डझनावारी पद्धती आहेत. त्यातल्या सगळ्यांत प्रचलित पद्धतीचं नाव ऐकून मी खुर्चीतून पडायची बाकी होते. टारो पॅच, म्हणजे अळूचं खाचर!

आता तारखेवार.

मंगळवार, १६ जानेवारी २०२४. शेजारच्या आंटींच्या लानाईवर, आपल्या भाषेत पडवीत, दर मंगळवारी संध्याकाळी कानिकापिला, म्हणजे जमून गाणं-वाजवणं, असतो. कुणी गिटार, कुणी उकुलेले (चार तारांची छोटी गिटार), कुणी नुसतं भाताचं पातेलं घेऊन येतं. वडीलधाऱ्यांना इथे सगळेच अंकल-आंटी म्हणतात, त्यामुळे मला संबोधनांचा कधी प्रश्न पडला नाही. मी उकुलेलेवर तीन स्वरमेळ कसेबसे धरायची आणि भांडी घासायची. त्या दिवशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. वर्षभरात दोघं म्हातारे गेले होते. अंकल (वय ७९, माजी ट्रकचालक, बोटं अजून सोन्याची) म्हणाले, “गाणी आहेत गं. ते तारा कशा लावायचे ते गेलं.” मग कुणीतरी म्हणालं, मुलांसमोर एकदा सगळ्यांनी बसून वाजवायला हवं. पार्कात. लोकांना बोलावून. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे गप्प झाले, कारण पार्क म्हटलं की फॉर्म आले.

“कागदांचं मी बघते,” मी म्हणाले. बाबा आमच्या आळीतल्या गणेशोत्सव मंडळाचे पंधरा वर्षं चिटणीस होते. मांडवाचा परवाना, लाउडस्पीकरचा परवाना, पावतीपुस्तकं, वर्गणीचा हिशेब हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर पाहत मोठी झाले. मला वाटलं, यात काय एवढं.

तारीख ठरवणं हे पहिलं काम. वसंतात ईस्टरनंतरच्या आठवड्यात हिलोत मेरी मोनार्क हा हुला नृत्याचा मोठा उत्सव असतो. राजा कालाकाउआच्या नावाने १९६०च्या दशकापासून चालू आहे. त्या दिवसांत गावात हॉटेलची खोली नाही, गाडी नाही, फुलं नाहीत. मेमध्ये पदवीदान, जूनमध्ये कामेहामेहा दिन, मग उन्हाळाभर जपानी मंदिरांतले बॉन-नृत्याचे कार्यक्रम, सप्टेंबरच्या सुरुवातीला राणी लिलिउओकलानीचा जन्मदिवस. ऑक्टोबर मोकळा दिसला. १२ तारीख मी शनिवार म्हणून निवडली. तो दसरा आहे हे मला जुलैत आईने सांगितलं.

जागा मोओहेआउ पार्कचा बँडस्टँड. बंदरासमोर, बसस्थानकाच्या शेजारी, शंभरी ओलांडलेला. १९४६ आणि १९६०च्या त्सुनामींनी समोरचं गाव धुऊन नेलं, हा उभा राहिला. ५ फेब्रुवारीला काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडे, अर्ज दिला, २७ तारखेला मंजुरी आली. तीन आठवडे आणि एक दिवस. मी त्या दिवशी घरी शिरा केला. आता आठवलं की हसू येतं.

परवान्याबरोबर अटी येतात आणि प्रत्येक अटीला एक शेपूट असतं. पहिली अट विमा, दहा लाख डॉलर्सचा सार्वजनिक दायित्व विमा. आकडा वाचून घाबरू नका, एका दिवसाचा हप्ता आम्हाला ३८५ डॉलर्स पडला. पण प्रमाणपत्रावर जागेच्या मालकाचं नाव ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून अक्षरशः जसंच्या तसं लागतं. मी फॉर्म भरताना काउंटीच्या नावाऐवजी हिलो शहर लिहिलं. हिलो ही स्वतंत्र नगरपालिका नाहीच! इथे सगळा कारभार काउंटीचा. प्रमाणपत्र बदलून घेण्यात माझ्या चुकीने बारा दिवस गेले. तेव्हा अटींच्या कागदावरचं नाव हाताने लिहू नका, तिथूनच उचलून चिकटवा.

दुसरं शेपूट म्हणजे आम्ही कोण? लानाईवर जमणारी अकरा माणसं ही कायद्याच्या लेखी कुणीच नाहीत. स्वतःची धर्मादाय संस्था काढायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. त्याऐवजी आधीच नोंदणी असलेल्या एका छोट्या संस्थेच्या छत्राखाली गेलो. देणग्या त्यांच्या खात्यात, खर्च त्यांच्या धनादेशाने, बदल्यात सात टक्के त्यांना. पहिल्यांदाच करत असाल तर हाच मार्ग घ्या. सात टक्क्यांत माझा निम्मा रक्तदाब वाचला.

तिसरं शेपूट कराचं. हवाईत ‘जनरल एक्साइज’ नावाचा कर आहे. त्याचा परवाना २० डॉलर्सचा, एकदाच काढायचा. संस्था धर्मादाय असली तरी निधी उभा करायला विकलेल्या टीशर्टांवर तो भरावाच लागतो. आमच्या बेटावर दर साडेचार टक्के, पण तो विक्रेत्याच्या एकूण जमेवर लागतो. गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला करसुद्धा त्या जमेत धरला जातो. म्हणून दुकानाच्या पावतीवर ४.७१२ टक्के असा विचित्र आकडा दिसतो. करावर कर. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते मंडळाच्या जुन्या खजिनदारांना फोन करून सांगितलं.

खाण्याचं मी फार लवकर सोडून दिलं. स्वतः शिजवून विकायचं तर आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना, हात धुण्याची सोय, तापमानाच्या नोंदी. स्वतःचे परवाने असलेले तीन फूडट्रक बोलावले आणि प्रत्येकाच्या परवान्याची प्रत फायलीत लावली. विषय संपला.

मग आला चौथा कागद. खरं तर इथूनच सगळं सुरू झालं.

सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवायची तर हक्कसंस्थांकडून परवाना घ्यावा लागतो. शुल्क कार्यक्रमाच्या आकारावर ठरतं. आमचं दोनशे डॉलर्सच्या आत बसलं. त्यासाठी मी एप्रिलमध्ये यादी करायला घेतली. कोण काय वाजवणार, रचना कुणाची, कुठल्या साली छापली. अमेरिकेच्या कायद्याने २०२४ साली १९२८पर्यंत प्रकाशित झालेली गाणी सर्वांना मोकळी होती. म्हणजे जुनी राजघराण्यातली, गुराख्यांची, बरीचशी आमची यादी बिनशुल्क. मी खूश. छत्तीस गाणी, त्यातली एकवीस मोकळी, हिरव्या रंगात रंगवली आणि मंगळवारी लानाईवर नेली.

आंटींनी चष्मा लावून यादी वाचली. सतरा नंबरवर बोट ठेवलं. “हे कुणी घातलं?”

मी घातलं होतं. एका जुन्या संग्रहात सापडलं, चाल सुरेख, शब्द आंटींच्या माहेरच्या खोऱ्याबद्दल. मला वाटलं, त्यांना आनंद होईल.

“हे मेले इनोआ आहे,” त्या म्हणाल्या. “नाव-गाणं. माझ्या पणजीचं. तिच्यासाठी केलं, तिला दिलं. ते तिचं आहे.”

मी म्हणाले, “पण आंटी, कायद्याने ते मोकळं आहे.”

हे वाक्य तोंडातून निघालं आणि पडवीतली गिटार थांबली. कुणी रागावलं नाही. आंटींनी यादी घडी करून माझ्या हातात दिली आणि भात वाढायला घेतला. घरी आल्यावर मला रडू आलं. नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर सांगताही येईना. सगळं बरोबर होतं ना? छापील साल, कायद्याचं कलम, सगळं.

दोन दिवसांनी मला आपल्याकडचे बुवा आठवले. घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून मैफिलीत अस्ताई म्हणून अंतरा गाळणारे, गंडा बांधल्याशिवाय बंदिश न देणारे. इथेही तेच. तारा लावण्याची पद्धत ही घरातली ठेव. जुने वादक वाजवून झालं की गिटार खाली ठेवण्याआधी तारा उतरवून टाकत, कुणी येऊन कानाने टिपू नये म्हणून. १९६०-७०च्या दशकांत गॅबी पाहिनुईंच्या पिढीने ही दारं हळूहळू उघडली, हवाईयन संस्कृतीला तेव्हा जो नवा बहर आला त्यात ही गिटार पुढे आली. तरीही दार उघडं दिसलं म्हणून चप्पल घालून माजघरात जायचं नसतं. मी गेले होते.

मग ठरलं की यादीतल्या प्रत्येक गाण्यासाठी, ते ज्या घराशी बांधलेलं असेल त्या घरी जाऊन विचारायचं. फोनवर नाही, ईमेलवर नाही. मे ते ऑगस्ट मी हेच केलं. आठ घरं. काही हिलोत, एक पुनात लाव्हाच्या रस्त्याने पुढे, दोन वाइमेआत, तिथे अजूनही गुराखी आहेत. प्रत्येक वेळी आंटींची नात बरोबर. ती सोळा वर्षांची, हवाईयन माध्यमाच्या शाळेत शिकते. या भाषेचा प्रवास थोडक्यात सांगायचा तर १८९६च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि मुलांना आपली भाषा बोलल्याबद्दल छड्या बसू लागल्या. १९७८मध्ये ती पुन्हा राजभाषा झाली आणि १९८४मध्ये पहिली हवाईयन माध्यमाची बालवाडी निघाली. परिणाम असा की आंटींना भाषा येते, नातीला येते, मधल्या आईला नीट येत नाही. आई कितीतरी गाणी नुसत्या कानाने पाठ करून गाते.

या फेऱ्यांत शिकलेल्या गोष्टी. रिकाम्या हाताने जायचं नाही. मी बेसनाचे लाडू नेत होते, ते इथे तुफान चालतात. पहिला तासभर कामाचं बोलायचं नाही. तुम्ही कुठल्या, आई-वडील कोण, नदी कुठली, हे आधी. वाशिष्ठी नदीचं नाव मी तीन बेटांच्या लोकांना शिकवलंय.

आणि हो, दुर्बीण. वाइमेआत एका अंकलनी विचारलं, “भारत? तुमचा देश त्या मोठ्या दुर्बिणीत आहे ना?” तीस मीटरची जी दुर्बीण मौना केआवर बांधायचा घाट आहे तिच्यात भारत भागीदार आहे, पुण्याची आयुका त्यात आहे. हवाईयन लोकांसाठी तो पर्वत पवित्र. जुलै २०१९मध्ये तिकडच्या रस्त्यावर बसलेल्या तीसहून जास्त कुपुनांना, म्हणजे ज्येष्ठांना, पोलिसांनी अटक केली होती. या अंकलची बहीण त्यांच्यात होती. मी म्हटलं, “हो, आहे. आणि माझा नवरा दुसऱ्या एका दुर्बिणीच्या कार्यालयात काम करतो.” लपवून काय उपयोग, गाव केवढं! ते बराच वेळ बाहेर गवताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चहा घेणार का?” त्या दिवशी गाण्याचा विषय निघालाच नाही. तीन आठवड्यांनी परत गेलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी गिटार काढली.

ध्वनिमुद्रणाच्या संमतीसाठी मी दोन पानी इंग्रजी फॉर्म तयार केला होता, वकिली भाषेत, खाली सहीची जागा. आमच्या मंगळवारच्या अंकलनी त्यावर कॉफीचा कप ठेवला. मग नातीला वही आणायला सांगून चार ओळी लिहवून घेतल्या. मुद्रण करा. एक प्रत माझ्या घरी, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात. इंटरनेटवर नाही, माझा नातू तिशीचा होईपर्यंत. मग तो ठरवेल. खाली सही. हा कागद छत्रसंस्थेने बिनतक्रार फायलीत घेतला. पुढे सगळ्यांकडून आम्ही असाच, त्यांच्या शब्दांत, घेतला. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत. एका घराने फक्त आवाज चालेल, चित्रण नको म्हटलं, कारण चित्रात चाव्या दिसतात.

शब्द तपासायचं काम नातीने केलं. हवाईयन भाषेत १८३४ ते १९४८ या काळात शंभरावर वर्तमानपत्रं निघाली आणि त्यांतली बरीच पानं आता संगणकावर वाचता येतात. आपलं ‘दर्पण’ १८३२चं, यांचं पहिलं पत्र दोनच वर्षांनी. गाण्यांचे मूळ पाठ त्यांत छापलेले सापडतात. एका कडव्यातला शब्द तीन पिढ्या चुकीचा गायला जात होता, तो तिला सापडला. त्यावर मंगळवारी दोन तास वाद झाला. शेवटी अंकल जुनाच शब्द गाणार आणि मुलं नवा, असं ठरलं.

ऑगस्टच्या २४-२५ला होने चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. हजारो घरांची वीज गेली. पुनातल्या आंटींकडे पाच दिवस अंधार होता. आमची बैठक रद्द झाली, ध्वनियंत्रणावाल्याची आगाऊ रक्कम द्यायची राहिली आणि तारीख हातची जाता जाता वाचली. आगाऊ रकमेची तारीख कॅलेंडरवर नाही, फ्रिजवर लिहा.

सप्टेंबरमध्ये भित्तिपत्रकं छापली. शंभर प्रती, १४० डॉलर्स. हवाईयन लिपीत ओकिना नावाचं एक उलट्या स्वल्पविरामासारखं चिन्ह आहे, ते व्यंजनच धरतात. स्वरांवर दीर्घाची रेघही असते. छपाईच्या फॉन्टने माझी सगळी ओकिना गिळली आणि मी मुद्रणप्रत न बघता ‘ओके’ म्हटलं. ‘पाउ’ म्हणजे संपलं आणि ओकिना व दीर्घ लागले की ‘पाऊ’ म्हणजे घागरा. आंटींनी एक प्रत घेऊन लाल पेनाने शाळेतल्या बाईंसारख्या खुणा केल्या. एकोणीस. पुन्हा छपाई, ८६ डॉलर्स, हे मी माझ्या खिशातून भरले आणि कुणाला सांगितलं नाही. आता सांगितलं.

एका अनुदानासाठीही अर्ज केला होता. नकार आला. टीशर्ट आणि देणग्यांवर भागलं. खर्च एकूण ५,३०० डॉलर्स. त्यात सगळ्यांत मोठा आकडा ध्वनियंत्रणेचा, १,८००. मोलोकाई बेटावरून एका वादकाला आणण्या-ठेवण्याचे ६४०. वादकांना मानधनाची पाकिटं केली होती, अंकलनी त्यांचं परत केलं. ते नातवाच्या हातात दिलं तेव्हा त्याने गिटारच्या खोक्यात टाकलं. ही युक्ती आंटींची.

१२ ऑक्टोबर. पहाटे साडेपाचला पाऊस. चिपळूणची पोर असून मला भरून आलं. सहाला थांबला, सातला पुन्हा आला, नऊला गेला. मी घरून निघताना देवापुढे माझी उकुलेले ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. दसऱ्याला शस्त्रं पुजतात, माझ्याकडे तीच होती. शेजारच्या रस्त्यावर कांचनाचं झाड आहे, त्याची मूठभर पानं आपट्याऐवजी पर्समध्ये टाकली.

दहा वाजता ओली झाली, आत येण्याची अनुमती मागणारं पठण. मुलांनी बाहेरून म्हटलं, आंटींनी बँडस्टँडवरून उत्तर दिलं. उत्तर मिळेपर्यंत कुणी पाऊल टाकलं नाही. मी ताडपत्री धरून मागे उभी होते. माझ्या फायलीत त्या जागेचा शिक्कामोर्तब परवाना होता आणि तरी मीही थांबले.

मग दिवसभर गाणं. काय काय सांगू? वाइमेआचे अंकल आले, बहिणीला घेऊन. त्यांनी वाजवताना पाठ प्रेक्षकांकडे केली नाही, पण टोपी चाव्यांवर अशी ठेवली की काही दिसू नये. चौदा वर्षांच्या एका मुलाने मांडीवर आडवी गिटार घेऊन पोलादी तुकड्याने असा सूर लांबवला की मला क्षणभर आमच्या ओटीवरचा रेडिओ ऐकू आला. पुनातल्या आंटी वरच्या आवाजात, गळा मुद्दाम मोडून गातात. तो तुटण्याचा क्षणच त्या गाण्याचा दागिना. आमच्या अंकलनी दोन गाणी वाजवली. तिसऱ्याला बोटं थरथरायला लागली तेव्हा नातवाने शेजारी बसून अंगठ्याचा ठेका धरला आणि वरचं त्यांनी पुरं केलं. दुपारी एकदा वीज गेली, जनरेटरमध्ये इंधन भरायचं राहिलं होतं. यादीत ते काम माझ्या नावावर होतं. दहा मिनिटं सगळे माइकविना वाजवत राहिले आणि लोक खुर्च्या घेऊन पुढे सरकले. नंतर बरेच जण म्हणाले, तेच सगळ्यांत छान झालं.

संपताना सगळे हात धरून गोलात उभे राहिले, इथे प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी असतात तसे. मग मी पर्समधली पानं काढली. सोनं म्हणून द्यायचं असतं एवढंच सांगितलं. अंकलनी पान कानामागे खोचलं, फुलासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, नवरा आणि तीन मुलं पार्क झाडायला गेलो. अनामत रक्कम हवी असेल तर आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा. गवतावरचे जुने टायरचे खड्डे आमचे नव्हते, हे फोटोंमुळेच दाखवता आलं. धनादेश नोव्हेंबरच्या मध्यावर आला.

मुद्रणाच्या एकोणीस फायली झाल्या. प्रत्येकीबरोबर तिच्या घराच्या अटींचा कागद ठेवलाय. नात त्यांची सूची करतेय, हवाईयनमध्ये.

पुढच्या वर्षाचा अर्ज मी आणून ठेवलाय. यादीही तीच उघडली आहे. सतरावी ओळ मी खोडली नाही, नुसती रिकामी केली. डिसेंबरात एका मंगळवारी भांडी घासताना आंटी सहज म्हणाल्या, “शिकवलं हं मी ते हिला.” नात पुसत होती, तिने मान खाली घातली. कधी, कुठल्या तारांवर, कसं आहे ते गाणं, मी काही विचारलं नाही. पातेलं फार जळलं होतं, ते घासत राहिले.